अंतराची खूण

लतिकाबाई चौथी शिकलेल्या, पण वृंदावन योजनेतल्या त्या सोसायटीत त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. पत्रकार लेक अंतरा तेवढी उघडायची.

"आई, यंत्र हुबेहूब माझ्या आवाजात बोलू शकतं," दोघींचे फोन बाल्कनीत ठेवून तिनं ओट्याशी समजावलं होतं. "माझे फोन ऐकून ते 'येते' म्हणायला शिकेल. खरी मी असेन तर शेवटी 'जाते' म्हणेन."

"जीभ हासडीन! माझ्या घरातून कुणी 'जाते' म्हणून निघालेलं नाही."

"म्हणूनच तर."

मग तिनं हरभऱ्याच्या डाळीत पेनड्राइव्ह पुरला. त्यात बख्शी का तालाब गावच्या एका नर्सची साक्ष होती, चेहऱ्यासकट. "शंका आली तर जाळ. भलत्याच्या हाती पडलं तर त्या बाईचा जीव जाईल."

आठवड्यानं सरोजिनी नगरजवळ ट्रकनं अंतराची स्कूटी उडवली; ती जागीच गेली. फोनचा चुरा पोलिसांनी पिशवीत भरून नेला.

चौदाव्या दिवशी, भर दुपारी, तिच्या ऑफिसातला सुबोध भेटायला आला. "खा, लाजतोस काय नव्या नवरीसारखा," म्हणत बाई त्याला वाढत होत्या. फोन वाजला. नाव अंतराचं. बाईंनी स्पीकर लावला.

"आई, डाळीतलं काढ. माणूस दारात येतोय, त्याला दे."

"काकू, मशीन है ये! ठेवा, ठेवा," सुबोध कुजबुजला.

बाईंनी हातानंच त्याला गप्प केलं. "बरं. ठेव मग फोन."

पलीकडून चोरट्यासारखं, "जाते, आई."

बेल वाजली.

"माझीच आहे रे ती," म्हणत बाईंनी डबा परातीत उपडा केला. पेनड्राइव्ह मुठीत घेऊन दाराकडे निघाल्या.

अर्ध्यावर थांबल्या.

"तिची राख मी या हातांनी उचलली. मेलेल्या पोरीला हे कशाला हवं?"

पुन्हा बेल.

त्यांनी चिमट्यात धरून तो गॅसवर जाळला. आच कमी केली नाही. उग्र वास घरभर पसरला.

बेल थांबली. सुबोधनं दार उघडलं. कुणी नव्हतं.

फोन वाजला.

"जाळलंस," स्पीकरवर अंतरा म्हणाली. रागानं नव्हे, दमून.

"हो गं बाळा."

तिच्यामागे कुणीतरी भांडं आपटलं. "कुणाशी बोलतेस गं एवढं? पान वाढलंय कधीचं!"

फोनमधला तो आवाज लतिकाबाईंचा होता.

सुबोधनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.