मीठवाली आणि सॉसवाला

माल पोचवणारी गाडी त्या सकाळी बिघडली, म्हणून मांसाची टोपली स्वतःच उचलून ती हॉटेलच्या मागच्या दाराने आत शिरली. एरवी तिचं जग म्हणजे वडिलांचं मांसाचं दुकान, लाकडी ठोकळा आणि धार लावलेली सुरी. तिच्या जिभेलाही बाजारातले लोक सुरीच म्हणत.

आत वाफेत एक तरुण आचारी उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर घामाने चिकटलेली एक बट. त्याच्यापुढे ताटलीत स्टेक होता... जाड, खरपूस तपकिरी, कडेला चरबीची सोनेरी रेघ. तो तुकडा आपल्याच हातचा, हे तिने लांबूनच ओळखलं. आणि बघता बघता त्याने त्यावर पळीभर सॉस ओतला!

"अहो! काय केलंत हे?"

आचारी दचकला. "काय केलं?"

"एवढा सुरेख तुकडा दिला आम्ही... आणि तुम्ही त्याला चिखलात लोळवलंत!"

"चिखल? पहाटेपासून हाडं उकळतोय मी या चिखलासाठी. तुम्ही कोण?"

"हे मांस ज्या दुकानातून येतं तिथली. चांगल्या मांसाला मीठ आणि कडकडीत तवा पुरतो. बाकी सगळी झाकाझाक."

"अस्सं!" त्याने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. "मग कानात ते डूल कशाला घातलेत?"

तिचा हात आपसूक कानाकडे गेला. "हे... हे आईचे आहेत."

"छान दिसतात." तो हसला. "कानही छानच आहेत म्हणा."

टोपली आदळून ती निघाली. आगाऊ कुठला! दुकानात पोचली तर वडिलांनी विचारलं, "कुणाशी भांडून आलीस?"

"कुणाशी नाही. तिथे एक सॉसवाला आहे."

"आणि गाल का लाल झालेत?"

"ऊन किती आहे बाहेर, बाबा!"

बाबांनी दारातून वर पाहिलं. आभाळ गच्च भरलं होतं.

गाडी दुरुस्त झाली, तरी टोपली तीच नेऊ लागली. "या मीठवाली," तो म्हणायचा. "आज काय बुडवताय?" ती विचारायची. एकदा त्याने तिला शेगडीजवळ बोलावलं. नुकताच स्टेक काढलेला तवा दाखवला. तळाला तपकिरी खरवड चिकटली होती. त्यावर त्याने हाडांचं पाणी ओतलं, चर्रर झालं, आणि लाकडी उलथन्याने तो ती खरवड हळूहळू सोडवू लागला.

"बघा. हा सॉस बाहेरून नाही येत. तुमच्याच मांसाने मागे ठेवलेलं मी गोळा करतो. टाकून द्यायचं का हे?"

ती तव्यात वाकून बघत राहिली.

"बोला की..."

"विचार करून सांगते," म्हणाली आणि पळाली.

ते सांगणं राहूनच गेलं, कारण बाबांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. नुसत्या मिठावर भाजलेला स्टेक ज्यांचा जीव की प्राण, ते बाबा दोन घास खाऊन ताटली सरकवू लागले. "लाकूड चावल्यासारखं वाटतं गं." डॉक्टर म्हणाले, चव येईल परत, पण तोवर पोटात अन्न गेलं पाहिजे. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं, तेव्हा तिने अभिमान गिळला, एक डबा उचलला आणि हॉटेल गाठलं.

तो चिडवील असं तिला वाटलं होतं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"नाक बंद असलं तरी जिभेला आंबट-तिखट कळतं," तो म्हणाला. "मिरी जास्त घालू, थोडा व्हिनेगर, मोहरी. खातील ते."

"पण सॉस दिसला तर हात लावायचे नाहीत. माझेच बाबा आहेत ते."

"मग वरून नका ओतू. ताटलीत आधी सॉस, त्यावर स्टेक. दिसायचाच नाही."

त्या संध्याकाळी बाबांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग पावाच्या तुकड्याने ताटली पुसून काढली आणि म्हणाले, "बघ! सांगत नव्हतो? नुसतं मीठ!"

ती खिडकीकडे तोंड करून हसू दाबत राहिली.

मग रोज टोपलीसोबत डबाही जाऊ लागला. सॉस आटेपर्यंत थांबावं लागे. थांबायचं तर कांदे चिरायला काय हरकत? कांदे चिरता चिरता 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि एका सकाळी बाबा ओरडतच उठले, "अगं, शेजारी कुणीतरी लसूण जाळला!" वास आला होता, चवही आली होती. त्यांनी स्वतःच तवा तापवला, मीठ लावून स्टेक भाजला आणि डोळे मिटून खाल्ला. ती हसली, रडली, पुन्हा हसली.

संध्याकाळी तिचा हात मात्र डब्याकडेच गेला.

"बाबा कसे आहेत?" त्याने विचारलं. बरे झाले, एवढंच तर सांगायचं होतं. पण शेगडीच्या कडेला त्याने सॉस झाकून ऊबदार ठेवला होता, तिच्यासाठीच. आणि खरं सांगून टाकलं, तर उद्यापासून इथे थांबायचं कारणच संपणार होतं...

"अजून... चव नाही म्हणतात."

शिळ्याला तोंडावर शिळं म्हणणारी ती त्याच्याशी चक्क खोटं बोलली. त्याने ते मनाला लावून घेतलं. रोज नवा सॉस करायचा, रोज काळजीने विचारायचा. आठवड्याने म्हणाला, "माझंच काहीतरी चुकतंय. आज मी येतो तुझ्या घरी, त्यांना बघायला."

"नको! म्हणजे... माणसं भेटली की दमतात रे ते."

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. बाबा! खांद्यावर मांसाची टोपली, गाल टवटवीत.

"अगं, लक्ष कुठे असतं तुझं? टोपली दुकानात, आणि रिकामा डबा घेऊन पळालीस!"

आचारी बघतच राहिला. "बाबा... तुमची चव?"

"चव? आठवडा झाला येऊन. का?"

शेगडीवरचा सॉस तेवढा रटरटत होता.

"मग आठवडाभर सॉस खातंय कोण?" त्याने हळूच विचारलं.

ती फरशीकडे बघत म्हणाली, "मी."

"कशाबरोबर?"

"पावाबरोबर... काल तर नुसता. चमच्याने."

बाबा इतके हसले की टोपली खाली ठेवावी लागली. त्याने हात पुसले, जवळ आला. "म्हणजे तुला माझा सॉस आवडतो?"

"सॉस पण," ती म्हणाली. आणि मान वर करून थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. बाबांना एकदम दुकान उघडं राहिल्याची आठवण झाली. जाता जाता दारातून म्हणाले, "आणि काय रे, म्हातारा झालो म्हणून ताटलीच्या तळाचा सॉस दिसत नाही होय मला?"

दार लागलं. त्याने वाकून फडकं उचललं. मग तो चाचरत म्हणाला, "आता डबा न्यायचं निमित्तच उरलं नाही. उद्या... येशील?"

तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि शेगडीजवळ, त्याच्या अगदी शेजारी मांडलं.

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली. "आज मी इथेच जेवणार आहे."