परत म्हणून दाखवा

माझ्या ट्रॉलीवरची पट्ट्यांची बाटली एका अनोळखी माणसाने उचलली, उजेडाकडे धरून पाहिली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. साखर तपासायच्या पट्ट्या होत्या त्या, आणि बाटली जवळपास भरलेली! मी एका आजोबांना सलाइन लावत होते, त्यामुळे हात अडकलेले. तोंड मात्र मोकळं होतं.

“अहो! कोण तुम्ही? आणि हा काय प्रकार?”

“बाटलीवर उघडल्याची तारीख नाही.”

“आज सकाळीच उघडलीय!”

“कुठल्या आज?” त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं की सलाइनवाले आजोबा खुदकन हसले. सुई जागची हलली आणि मला ती पुन्हा लावावी लागली. रागाने माझे कान तापले. तो मात्र शांतपणे म्हणाला, “माझ्यामुळे आजोबांना दोनदा टोचलं. माफ करा, आजोबा.” माझी माफी नाही मागितली. आजोबांची मागितली. मला ते आवडलं, आणि आवडलं याचाही राग आला.

तो खालच्या लॅबमधून आला होता. आमच्या हॉस्पिटलची तपासणी होणार होती. आम्ही नर्सेस रुग्णाच्या खाटेशीच बोटाला टोचून साखर, हिमोग्लोबिन बघतो ना, त्याची तपासणी. बाहेरून माणसं येणार, कुणालाही उभं करून काहीही विचारणार. चुकलो तर वॉर्डातली मशीन काढून घेणार आणि प्रत्येक थेंब खाली लॅबमध्ये पाठवावा लागणार. माझ्या वॉर्डात सगळी म्हातारी माणसं. त्यांची साखर घसरायला लागली की रिपोर्टची वाट बघत बसत नाही. म्हणून आम्हाला तयार करायला हा माणूस तात्पुरता नेमला होता.

“बोट पुसा, टोचा. पहिला थेंब पुसून टाका, दुसरा घ्या.” हे तो दिवसभर म्हणायचा. आमच्या वॉर्डातल्या मावशी झाडू मारता मारता ऐकायच्या. त्यांनी त्याचं नावच ठेवलं, दुसरा थेंब. “सिस्टर, तुमचा दुसरा थेंब आलाय बघा,” असं त्या मोठ्याने सांगायच्या. ‘तुमचा’ हा शब्द कुठून आला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सरावासाठी तो स्वतःचं बोट पुढे करायचा. “घ्या, माझं टोचा. मी कुरकुर करत नाही.” त्याच्या बोटांवर बारीक बारीक ठिपके पडले होते. आणि हात कायम गार. थेंब नीट यायला हात गरम लागतो, म्हणून मी तो दोन्ही तळव्यांत धरून चोळायचे. अगदी कामापुरता हं! मावशी उगाचच खोकायच्या.

त्याचा सगळ्यात लाडका धडा मात्र वेगळाच होता. आकडा धोक्याचा आला की डॉक्टरांना फोन करायचा, आणि ऐकणाऱ्याने तो आकडा परत म्हणून दाखवायचा. एकदा तो वॉर्डाच्या त्या टोकाला फोन घेऊन उभा राहिला आणि मी या टोकाला.

“कोपऱ्यातली खाट, साखर अडतीस.”

“बरं.”

“बरं नाही, सिस्टर. परत म्हणून दाखवा.”

“कोपऱ्यातली खाट, साखर अडतीस. बिचारे आजोबा.”

“आजोबा बिचारे आहेत असं मी म्हणालो नव्हतो. ऐकलं तेवढंच म्हणायचं, आपलं काही घालायचं नाही. मग मी ‘बरोबर’ म्हणणार. तेव्हा निरोप पोचला. तोपर्यंत तो हवेत.”

“कठीण आहे तुमचं.”

“सिस्टर, ड्यूटी संपली की चहा घ्यायचा का?”

मी फोन कानाला तसाच धरून उभी. तो वॉर्डाच्या पलीकडून बघत होता, हसत नव्हता, पण डोळे…

“ड्यूटी संपली की चहा,” मी म्हटलं. “आणि बिस्किटं तुम्ही आणणार.”

“बिस्किटांचं मी बोललो नव्हतो.”

“मग ‘चूक’ म्हणा.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. “…बरोबर,” म्हणाला.

मग रोजच चहा. कॅन्टीन वरच्या मजल्यावर. जिना चढताना तो मध्येच खिडकीशी थांबायचा, बाहेर बघत राहायचा. खाली पार्किंगचे पत्रे, त्यांच्यावर पाऊस, एवढंच काय ते दृश्य. “काय बघता हो एवढं?” मी विचारायचे. “पाऊस,” तो म्हणायचा. मला वाटायचं, माझ्याबरोबर दोन क्षण जास्त मिळावेत म्हणून थांबतो. मीही पदराशी चाळा करत थांबायचे. घरी जाऊन आरशात स्वतःकडे बघायचे आणि वेडीसारखी हसायचे. आईने विचारलंही, “काय गं, पगार वाढला का?”

तपासणी जवळ आली तेव्हा वॉर्डात हिमोग्लोबिनचं नवं छोटं मशीन आलं. सगळ्या नर्सेस गोळा झाल्या. करून दाखवायचं होतं मला, बोट अर्थातच त्याचं. टोचलं, पहिला थेंब पुसला, दुसरा घेतला. आकडा आला… साडेसहा. धडधाकट पुरुषाला तेराच्या वर हवं.

तो आकड्याकडे बघत राहिला. मग हसून सगळ्यांकडे वळला. “बघितलंत? बोट जोरात पिळलं की असं होतं. रक्तात पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. सिस्टरांनी चूक करून दाखवली, म्हणून आपण शिकलो. टाळ्या!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बोट पिळलंच नव्हतं. इतकी वर्षं हेच करतेय मी, आणि हा माणूस चारचौघींत माझा पोपट करतो? त्या दिवशी चहाला गेले नाही. पण रागाबरोबर एक प्रश्नही मनातून जाईना. साधा नियम आहे, आकडा विचित्र आला तर पुन्हा करून बघायचं. मग त्याने पुन्हा का करू दिलं नाही?

दुपारी त्याला ड्रेसिंगच्या खोलीत गाठलं आणि दार लावून घेतलं.

“हात द्या.”

“रागावलात ना? सॉरी, खरंच—”

“हात द्या म्हटलं ना.”

गरम पाण्यात त्याचा हात धरला, मग बोट कोरडं पुसलं. आधी कंट्रोलच्या, म्हणजे ठरलेला आकडा यायलाच हवा अशा द्रावणाच्या, बाटलीतला थेंब लावून मशीन तपासलं. ते अगदी ठणठणीत होतं. मग टोचलं. पहिला थेंब पुसला. दुसरा आपोआप येईपर्यंत वाट बघितली. या वेळी मी बोटाला हातही लावला नाही.

साडेसहा.

तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याकडे नर्ससारखं बघितलं. नखं पांढरी, ओठ फिकट. तो जिना, ती खिडकी, तो पाऊस… दम लागायचा हो त्याला! आणि मी पदराशी चाळा करत उभी राहायचे.

“मशीन जरा…” तो म्हणाला.

“कंट्रोल बरोबर आलाय. तुम्हीच शिकवलंत. कधीपासून माहीत आहे?”

तो स्टुलावर बसला. “इथे यायच्या थोडं आधी कळलं. रक्ताचं दुखणं आहे. एकदा बरा झालो होतो. परत आलंय.”

“मग इथे काय करताय?”

“ताई असते दूर, मोठ्या हॉस्पिटलच्या शहरात. रोज फोन करते, ये म्हणून. म्हटलं, तपासणी होऊ दे. आणि…”

“आणि काय?”

“आणि तुमच्या वॉर्डात मन रमलं. तिकडे गेलो की मी नुसता पेशंट. इथे निदान दुसरा थेंब तरी आहे.”

मला हसू आलं, आणि हसता हसताच रडूही. पण मी रडले नाही. मी त्याच्यासमोर ताठ उभी राहिले.

“हिमोग्लोबिन साडेसहा,” मी म्हटलं. “परत म्हणून दाखवा.”

“सिस्टर…”

“माझ्या वॉर्डात नियम मोडायचा नाही. परत म्हणून दाखवा.”

त्याने टोचलेलं बोट मुठीत घेतलं. “हिमोग्लोबिन,” तो हळू म्हणाला, “साडेसहा.”

“बरोबर,” मी म्हटलं, आणि मग मात्र रडले. त्याच्या ओल्या हातावर कपाळ टेकून रडले. “जा हो. उद्याच्या उद्या निघा. तपासणीचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी गेटपाशी टॅक्सी उभी होती आणि पाऊस भुरभुरत होता. मावशी माझ्या डोक्यावर छत्री धरून उभ्या, कारण मी छत्री विसरले होते. त्याने बॅग आत ठेवली आणि परत माझ्यासमोर आला.

“एक निरोप आहे. नीट ऐका. तुम्ही मला आवडता. बाटली फेकली त्या दिवसापासून.” तो थांबला. “परत म्हणून दाखवा.”

मावशींनी तोंड फिरवलं, पण कान इकडेच. मी पदर घट्ट धरला. लाज होती, तसंच एक वेडं भयही होतं. आता म्हटलं तर आमच्यातलं सगळं बोलून संपेल, आणि मग त्याला परत यायला कारण काय उरेल?

“आल्यावर म्हणेन. उधार राहू दे.”

“म्हणजे निरोप हवेतच?”

“राहू दे हवेत. त्यासाठी तरी याल.”

तो हसला. टॅक्सीच्या काचेवर पाणी होतं, त्यामुळे त्याचा चेहरा मला नीट दिसलाच नाही.

तपासणी झाली. एक करड्या चेहऱ्याच्या बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, “फोनवर आकडा सांगितला, डॉक्टरांनी ऐकला. मग परत म्हणून घ्यायचं कशाला?”

“त्याशिवाय निरोप पोचत नाही, मॅडम. तोपर्यंत तो हवेत असतो.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मशीन वॉर्डातच राहिली. मी लगेच त्याला फोन लावला.

“वॉर्ड पास.”

“वॉर्ड पास,” तो म्हणाला. आवाज एवढासा झाला होता.

“बरोबर!” मी ओरडले, आणि आजोबा झोपेतून दचकून उठले.

मग रोज त्याचा फोन यायचा. तो आपला आकडा सांगायचा आणि मी परत म्हणायचे. आकडा चढत होता तोवर आम्ही खूप हसलो. बरा झाल्यावर कॅन्टीनचा जिना न थांबता चढायची पैजही लावली. मग आकडा उतरायला लागला. तो तेवढ्याच सरळ आवाजात सांगायचा. मला मात्र परत म्हणताना एकेक शब्द जड व्हायचा.

“उधारीचं काय?” त्याने एकदा विचारलं.

“समोर आल्यावर.”

“कठीण आहे तुमचं,” तो माझंच वाक्य मला म्हणाला. मी ऐकलं नाही. मला वाटत होतं, तेवढ्या एका धाग्याने मी त्याला धरून ठेवलंय.

त्या दिवशी मी नवी बाटली उघडून तिच्यावर तारीख लिहीत होते. त्याच्याच नंबरवरून फोन आला. आवाज बाईचा होता.

“सिस्टर ना? मी त्याची ताई बोलतेय. तो… तो गेला हो. आज सकाळी.”

सवय किती वाईट असते! ऐकल्याबरोबर माझे ओठ तेच शब्द परत म्हणायला हलले. मी ते दाताखाली दाबले. ते दोन शब्द मी म्हटले नाहीत. आजवर म्हटलेले नाहीत. पलीकडे ताई रडत होत्या, आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. अगदी स्वच्छ, वॉर्डात आकडा सांगावा तसं.

“मी त्यांना आवडते. बाटली फेकली त्या दिवसापासून. आणि मलाही ते आवडतात.”

ताईंचं रडणं थांबलं. मला वाटलं, ही बाई वेडी आहे असं त्यांना वाटलं असणार. मावशी हातातला झाडू ठेवून माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“बरोबर आहे,” शेवटी ताई हळूच म्हणाल्या. “मला सांगायचा तो, अगदी असंच. पण शेवटचं… शेवटचं त्याने कधी सांगितलं नाही.”

“ते माझं आहे, ताई,” मी म्हटलं. “ते मी घातलंय.”