खाच कोणी पाडली?

"स्क्रीनच्या वरच्या कडेची ही खाच तूच पाडलीस. खोटं बोलू नकोस."

वर्षालीनं लॅपटॉप काउंटरवर असा ठेवला की ज्योतीरामभाऊंचा चहा हिंदकळला. चिखलीतलं हे रिपेअरिंगचं दुकान त्यांचं. मी तिथं कामाला. दहावीत शाळा सोडली. हात बरा चालतो, तोंड जरा जास्तच. मागच्या आठवड्यात तोंडामुळं एक गिऱ्हाईक पळालं, तेव्हा भाऊ म्हणले होते, "निरंजन, आता एक जरी तक्रार आली तर घरी बसायचं."

आणि आली ती हिचीच.

आदल्या दिवशी मी तिची बॅटरी बदलली, वर नवीन अपडेट टाकलं. तिनं सांगितलं नव्हतं. पण अपडेटला तासभर लागतो, तेवढा वेळ ती समोर बसते... म्हणून टाकलं. झाल्या झाल्या घेऊन गेली.

"मॅडम, खाच आधीपासून आहे."

"वर्षभर वापरतेय. आंधळी आहे का मी?"

"आधी वरची पट्टी काळी होती. काळ्यात काळी खाच कशी दिसणार? अपडेटनं पट्टी काचेसारखी आरपार केली, म्हणून उघडी पडली. कॅमेरा असतो तिच्यात."

"थापा. माझ्या बाबांचं लेथ मशीन आहे. कातलेल्या लोखंडी जॉबवर खाच दिसली की जॉब रिजेक्ट, एवढं कळतं मला."

भाऊ माझ्याकडं बघायला लागले. माझं डोकं सटकलंच होतं, तेवढ्यात तिच्या पर्समधून बाबांचा मापं घ्यायचा व्हर्नियर डोकावताना दिसला. पोरगी खाच मोजायला आली होती. हसूच आलं राव.

"मोजा मग," म्हणलं. "खाचेचा डावा कोपरा, उजवा कोपरा. धक्क्यानं पडलेली खाच दोन्हीकडं सारखी येते का, तुम्हीच सांगा."

तिनं मोजलं. जिभेचं टोक ओठात धरून. परत मोजलं.

"सारखंय," हळूच म्हणाली. "केसाचा फरक नाही."

"मग?"

"मग... सॉरी."

"मिटलं न्हवं?" म्हणत भाऊ कप घेऊन बाहेर गेले.

पट्टी परत काळी करून द्यावी म्हणून लॅपटॉप माझ्याकडं वळवला – आणि थांबलो. वॉलपेपरवर आमच्या दुकानासमोरची दसऱ्याची रांगोळी. आदल्या दिवशी तेवढीच पाहिली होती. आता पट्टीखालचा तुकडाही दिसत होता. खाचेच्या डावीकडं एक कोपर, उजवीकडं पिवळी बाही, हातात झेंडूची माळ.

"हा शर्ट माझाय."

"रांगोळीचा फोटो आहे तो."

"रांगोळी खालीये."

"मग कापून टाक वरचं," तिचे कान लाल. "काप की."

"आणि पट्टी? काळी करू?"

"नको –" ती पटकन म्हणाली. मग नखानं काउंटर खरवडत राहिली. "वर्षभर पट्टीखाली होतास. आता कुठं दिसायला लागलास, तर खाच बरोब्बर तोंडावर आलीय. म्हणून तर एवढा राग आला."

मी लॅपटॉप परत तिच्याकडं वळवला.

"वर्षाली... अपडेट मी मुद्दाम टाकलं होतं."

"माहितीये. मीपण मुद्दामच बसले होते." लॅपटॉप मिटला तिनं. "उद्या सहाला कासारवाडी स्टेशनला ये. खाचेशिवायचा फोटो पाहिजे मला."

तो उद्या म्हणजे आज. पाच वीस झालेत, रस्त्याला ट्रॅफिक हाय. बाकीचं राहू दे, मला आता निघायला लागतंय.