कपाळावरचा प्रश्न

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच अडकली, तेव्हा आत आम्ही दोघंच होतो. मी आणि हातात जबड्यांचा ट्रे धरलेला एक उंच माणूस.

जबडे प्लास्टरचे होते. आठ. सगळे दात विचकून माझ्याकडे बघत होते.

मी लाल बटण दाबलं. खालून रखवालदाराचा आवाज आला, "पंधरा मिनिटं लागतील, पोरी. तेवढ्यात आत नाचू नका म्हणजे झालं."

त्या माणसाने ट्रे काखेत सावरला, फोनवर काहीतरी लिहिलं आणि फोन माझ्यासमोर धरला. ‘मला ऐकू येत नाही. काय म्हणाला तो?’

मी लिहिलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा लिहू लागला. ‘बंद जागेत माझा जीव घाबरा होतो. पण तुमचा चेहरा किती शांत आहे! बघूनच धीर आला.’

शांत? अहो, माझं काळीज घशाशी आलं होतं! पण ते चेहऱ्यावर दिसायची सोयच नव्हती. दहा दिवसांपूर्वी कपाळाला इंजेक्शनं घेतली होती ना...

मी चौथ्या मजल्यावर गुलबारा एजेंच्या (एजे म्हणजे आमच्याकडे मोठी ताई) दवाखान्यात दारातल्या टेबलाशी बसायचे. सुरकुत्या घालवण्यासाठी अर्ध्या बिश्केकच्या बायका तिथे यायच्या. "दारातली मुलगी म्हणजे दवाखान्याची पाटी," असं म्हणून एजेंनी अठ्ठाविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं. तेव्हापासून चार वर्षं, दर चार महिन्यांनी, माझं कपाळ सुईखाली जात होतं. भुवया जागच्या जागी झोपलेल्या. आनंद असो, भीती असो, वरून एकच कोरा कागद.

पंधरा मिनिटांची चाळीस झाली. तोवर मला त्याचं नाव कळलं होतं. तिलेक. पाचव्या मजल्यावर तो लोकांसाठी दात बनवायचा. दार उघडलं तेव्हा त्याने दोन बोटं कपाळाशी नेऊन हवेत काहीतरी केलं.

"म्हणजे काय?" मी तोंडाने, सावकाश विचारलं.

त्याने लिहिलं, ‘आभार. ही हातांची भाषा शिकायची असेल तर उद्या दुपारी इमारतीसमोरच्या पॉप्लरच्या झाडाखालच्या बाकावर या. सामसा माझ्याकडून.’

मी गेले. परवाही गेले. मग रोजच जायला लागले.

सामसा, म्हणजे आमचा खिम्याचा समोसा, खाताना हात तेलकट व्हायचे आणि बोलायला हातच लागायचे, त्यामुळे आमची पहिली वाक्यं सगळी तुपकट होती. तो शिकवायचा, मी चुकायचे. एकदा मला म्हणायचं होतं ‘मला भूक लागलीय’, आणि मी म्हणाले ‘मी मेंढी आहे’. तो बाकावरून खाली पडायचा बाकी होता! आठवड्याभरात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, दोन महिन्यांत फोनची गरज उरली नाही.

एक दिवस मी हातांनी विचारलं, "चहा घेणार?"

तो ताडकन उठला, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. "घेतो, साहेब!"

"असं काय करतोस?"

"तू विचारत नाहीस गं, हुकूम सोडतेस. ‘चहा घेणार!’ ‘उद्या येणार!’ ‘घरी सोडणार!’ फौजदार आहेस की काय?"

"मी विचारतच होते..."

"मग इथून विचार." त्याने बोटाने स्वतःच्या भुवया वर उचलून दाखवल्या. "हात नुसते शब्द सांगतात. प्रश्नाचा ‘का’ असतो तो इथे."

मी प्रयत्न केला. जीव खाऊन केला. कपाळ ढिम्म. शेवटी डोळेच मोठे झाले.

"घुबड!" तो खुदकन हसला.

"घुबड तर घुबड. चहा घेणार की नाही?"

त्याला खरं कारण मी सांगितलं नाही. सांगायला काय हरकत होती? पण तो इतका उघडा माणूस होता... आतलं सगळं त्याच्या चेहऱ्यावर यायचं. त्याच्यापुढे मला माझ्या कपाळाची लाज वाटायला लागली होती. तरी जानेवारीत पुन्हा खुर्चीत बसले. सवय म्हणा, भीती म्हणा.

त्याच महिन्याच्या शेवटी, बर्फ भुरभुरत असताना, तो मला म्हणाला, "काराकोलचे काका थकलेत. त्यांचं दात बनवायचं दुकान मी चालवावं म्हणतात."

काराकोल म्हणजे सहा तासांचा रस्ता आणि मध्ये अख्खं सरोवर.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. खूप वेळ. मला विचारायचं होतं, ‘जाणार का रे?’ मला रडायचंही होतं. हात उचलले आणि हातांतून निघालं ते एवढंच, "तू जाणार."

त्याच्या टोपीवर बर्फ साचत होता. तो आणखी थोडा थांबला.

"हो," तो म्हणाला. "जाणार."

आणि गेला.

तिकडून त्याचे निरोप यायचे. सरोवराचा फोटो, मांजराचा फोटो, ‘बरी आहेस ना?’ मीही लिहायचे, ‘बरी आहे.’ खरं ते लिहून टाकता आलं असतं. कितीदा लिहिलं, पुसलं. फोनवर लिहून ते कळणार नाही, असं वाटायचं. मला ते त्याच्यासमोर उभं राहून विचारायचं होतं, सगळ्या कपाळासकट.

एप्रिल संपताना एजे म्हणाल्या, "सायकाल, पुढच्या आठवड्यात तुझं उरकून टाकू."

"एजे, मला नको यापुढे."

त्यांनी चष्मा काढला. "प्रेमात पडलीस की धर्मात?"

"सोडलं की काय होतं हो, एजे?" हे मी रोज फोनवर बायकांना सांगायचे. पण आता स्वतःसाठी विचारत होते. "चेहरा लोंबतो म्हणतात. सुरकुत्या दुपटीने येतात म्हणतात..."

"म्हणणाऱ्यांचं काय जातं! औषध उतरतं, स्नायू जागे होतात. एकदम नाही, हळूहळू. चेहरा जिथे असता तिथे येतो, त्याहून वाईट नाही. चार वर्षं कपाळाला आठी नव्हती, तेवढा थोडा फायदाच. फक्त तुझ्या डोळ्यांना गुळगुळीत बघायची सवय लागलीय. काही दिवस आरशाशी भांडशील बघ."

"आणि नोकरी?"

एजेंनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. "दारात नाही ठेवता येणार, मुली. मागच्या खोलीत फोनवर बस."

मी मागच्या खोलीत गेले.

आधी डावी भुवई जागी झाली. एकटीच! उजवी झोपलेली. पंधरा दिवस मी जगाकडे अशी बघत होते, जणू कुणाचंच मला खरं वाटत नाही. फळवाला म्हणाला, "काय बघतेस अशी, ताई? वजन बरोबर आहे!" मग उजवीही हलली. आणि एका सकाळी आरशात कपाळावर तीन आडव्या रेषा दिसल्या, भुवयांमध्ये दोन उभ्या.

खोटं कशाला सांगू, आवडल्या नाहीत मला. रडले. थेट एजेंच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले. "करून टाका."

एजेंनी माझ्या हाताला धरून मला उठवलं. "वेडे, दोन आठवडे थांब. तेव्हाही वाटलं तर ये. सुई कुठे पळून जात नाही."

दोन आठवड्यांनी मी खुर्चीत गेले नाही. काराकोलच्या गाडीत बसले.

उतरले तर पाऊस. बारीक, गार, डोंगरावरून उतरलेला. त्याच्या एका फोटोतलं निळ्या खिडक्यांचं घर सापडलं. दाराची घंटा दाबली तशी आत आवाजाऐवजी दिवा लुकलुकला. तिलेक बाहेर आला, बोटांना गुलाबी मेण लागलेलं. मला बघून जागीच थिजला.

मी पिशवी खाली ठेवली. हात थरथरत होते.

"मला विसरलास?"

आणि भुवया गेल्या वर. तिन्ही रेषांसकट, चांगल्या टोकापर्यंत.

तो कपाळाकडे बघत राहिला. पाणी माझ्या नाकावरून ओघळत होतं. नाही आवडल्या याला... असं वाटलं.

"विचारलंस," त्याचे हात हळूच म्हणाले. "तू मला विचारलंस."

"उशीर झाला रे. त्या दिवशीही विचारतच होते. ‘जाणार का’ असंच म्हणायचं होतं. पण माझं कपाळ..."

"मला कळलं होतं."

"काय?"

"तू विचारतेयस ते." त्याने मान खाली घातली, पुन्हा वर केली. "तुझा चेहरा गप्प होता, पण हात असेच थरथरत होते. मी जन्मभर हातच वाचतोय, सायकाल. आणि इंजेक्शनांचं म्हणशील, तर तुमच्या दवाखान्याची पाटी लिफ्टच्या दारावरच आहे. पहिल्या आठवड्यातच माहीत होतं मला."

"मग गेलास कशाला?"

"मलाही एक विचारायचं होतं. येशील का माझ्याबरोबर, म्हणून. तू ‘नाही’ म्हणाली असतीस तर? हिच्या चेहऱ्यावर तर काहीच दिसत नाही, असं मनाला सांगितलं आणि पळालो. भित्रा मी होतो. खापर तुझ्या कपाळावर फोडलं."

पाच महिने! माझ्या भुवया अशा जोरात जवळ आल्या की मलाच दचकायला झालं.

"पाच महिने, मूर्खा! मागच्या खोलीत बसले, आरशासमोर रडले, फळवाल्याशी भांडण ओढवून घेतलं, आणि तुला सगळं माहीत होतं?" शब्द संपले, तर मी नवे बनवले. त्यातले दोन-तीन बहुधा फारच वाईट होते.

तो एक पाऊल मागे सरला. मग त्याचा चेहरा उजळला. "हा राग आहे?"

"नाही, कौतुक!"

"किती छान येतो गं तुला!"

"अजून दाखवू?"

"दाखव ना... आयुष्यभर दाखव." म्हणाला आणि स्वतःच लाजला. कानापर्यंत लाल झाला. "परतीची गाडी कधी आहे?"

"चारला."

त्याने हातांचं मेण विजारीला पुसलं. मग भुवया वर नेल्या, आणि त्या तिथेच थांबल्या, पावसात, उत्तराची वाट बघत. "सोडशील का ती?"

तेवढ्यात त्याच्या मागे दारात एक म्हातारबाबा आले. पांढरी दाढी, हातात मांजर. "कोण गं तू? आणि हा गाढव पावसात काय उभं करतोय तुला?"

तिलेकला ते ऐकूच आलं नाही. तो माझ्याकडेच बघत होता.

मी मोठ्याने म्हणाले, "मी सायकाल, काका. राहायला आलेय."

"मग ये की आत!" काका म्हणाले.

तिलेकने माझे ओठ हललेले पाहिले. मागे वळून बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "काय म्हणालीस? काकांना काय म्हणालीस?"

मी त्याला हातांनी सांगितलं.

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा सांगून होईपर्यंत काकांनी मांजर खाली सोडलं होतं आणि माझी पिशवी आत नेलीही होती.