मत्सर वजा जाता

प्राणहितेच्या खोऱ्यात शेल वायू किती आहे हे ठरवायला पाच भूवैज्ञानिक नेमले होते आणि सहावा कलशोधक. कलशोधक म्हणजे माणसाच्या मतातला कल हुडकून तो वजा करणारं यंत्र. त्याच्या शिक्क्याशिवाय आता कुठलाच अंदाज मंजूर होत नसे.

ही पाळी खडकांनीच आणली होती. शेल हा पापुद्र्यांचा खडक. त्यात अडकलेला वायू पाण्याच्या दाबाने खडक फोडून काढतात. थर सपाट असले की अंदाज सोपा. इथे मात्र जमिनीतल्या तुटींनी, म्हणजे भ्रंशांनी, थर वर-खाली सरकवले होते. उपकरणं तीन वेगवेगळी उत्तरं देत. मग भिस्त जाणत्या नजरेवर, आणि नजर म्हटली की तिच्यामागचा माणूस आला, त्याचे लोभ आणि वैरं आली. मनगटावरच्या पट्ट्यातून नाडी बघून आणि जुने अहवाल ताडून यंत्र त्यांची छाटणी करी.

पाचांतल्या डॉ. मृदुला देवतळेंचा कल कळायला मात्र यंत्राची गरज नव्हती. हर्षल मोहितकर त्यांचा विद्यार्थी. खडकाचा नमुना हातात कसा धरायचा, इथपासून त्यांनीच त्याला शिकवलं आणि आता तो समितीचा प्रमुख. त्याचं कौतुक झालं की बाईंच्या पोटात दुखे. त्याने सांगितलेल्या साठ्यात त्या नेहमी काटछाट करत, हे समितीच्या साऱ्या तळाला ठाऊक होतं.

त्या मंगळवारी खोलातून काढलेल्या नमुन्यात त्यांना एक पोकळ भेग दिसली, कडांना गंजाचे तांबूस डाग. म्हणजे वरचं पाणी इथवर उतरत होतं. ज्या वाटेने पाणी खाली येतं त्याच वाटेने वायू वर जाणार, थेट येनगट्टा गावच्या विहिरींत. ‘इथे खडक फोडू नये,’ असं त्यांनी लिहिलं.

यंत्राने त्या मताला वजन दिलं शंभरात सात. कारण : मत्सर.

तळावर स्वयंपाक करणाऱ्या राजक्का येनगट्ट्याच्याच. त्यांनी सरळच विचारलं, “बाई, तुमी हे जळून बोलता का खरं बोलता?”

“जळतेही, आणि खरंही बोलते.”

“मंग त्या यंत्राले दोन्ही संगट समजत नाही का?”

“समजतं. पण जळणं वजा करून जे उरेल, तेवढंच ते मोजतं.”

अभिमान गिळून बाई हर्षलकडे गेल्या. भिंग लावून तो बराच वेळ भेग बघत राहिला. “मॅडम, तुमचं बरोबर आहे,” म्हणाला, आणि स्वतःच्याच अहवालाविरुद्ध मत नोंदवून मोकळा झाला. यंत्राने त्याला वजन दिलं अकरा. कारण : गुरुऋण.

उरलेल्या तिघांनी नागपुरात बसून फोटो बघितले आणि खडक फोडायला होकार दिला. त्यांना ना बाईंशी देणंघेणं होतं, ना हर्षलशी, ना येनगट्ट्याशी. त्यांच्या मतांना पुरतं वजन मिळालं आणि परवानगी निघाली.

बाई पडद्यासमोर उभ्या होत्या. विहिरींचा विचार त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण तो दुसरा. पहिला आला तो हा, की त्याला अकरा आणि मला सातच?

पट्ट्याने ते टिपलं आणि पडद्यावर साताचे सहा झाले.