लिंक इली?

“कचेरी खंयची ता इचारू नकात,” दाजी म्हणाले. जेवणं उरकून त्यांची नातवंडं, रूपाली आणि विकी, ओसरीवर येऊन बसली होती. “माणूस माझ्या वळखीचो. यतीन पेडणेकर. अजून जितो आसा.”

दोन हजार नऊ सालची कार्तिकातली अमावस्या. सोमवार. वालावलला सासऱ्यांची औषधं पोचवून यतीन मोटरसायकलने घरी निघाला होता. आठ-साडेआठचा सुमार. पोटात काळ्या वाटाण्याचं सांबार, डोक्यात कसलीच काळजी नाही. काळजी करणाऱ्यांतला तो नव्हताच.

त्याचं काम काय, तर पोलिसांनी रस्त्यावर पकडलेल्या गाड्यांचे नंबर कॉम्प्युटरवर चढवायचे. नंबर चढला की केस वरच्यांना दिसणार, मग दंड, मग लायसन रद्द. पद्धत नवी होती. यतीन खुर्चीत बसून नखं कापायचा आणि कोणी विचारलं की म्हणायचा, “लिंक नाही.” दोन शब्दांवर महिन्याचा पगार खाणारा असा माणूस तुम्ही पाहिला नसेल.

मासळीचा एक टेम्पो होता. ड्रायव्हर दिवसाढवळ्या प्यायलेला. पोलिसांनी त्याला पुन्हा पुन्हा पकडला आणि नंबर पुन्हा पुन्हा यतीनच्या टेबलावर येऊन पडून राहिला. शाळेतल्या सेवरीना टीचर कचेरीत खेपा घालायच्या, कारण त्यांची मुलं त्याच रस्त्याने चालत यायची.

“सायबानू, त्या टेम्पोचो नंबर चढवलात?”

“लिंक नाही, बाई. उद्या या.”

“लिंक कधी येतली?”

“ती काय मला विचारून येते?” म्हणून तो हसला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि त्याच टेम्पोने टीचरना उडवलं. एका पोराला त्यांनी बाजूला ढकललं, म्हणून ते वाचलं. यतीन मयताला गेला नाही. लिंकच नव्हती तर मी काय करणार, म्हणाला. लाज नावाची चीज त्याच्या गावी नव्हती.

तर त्या रात्री वळणावर एक बाई हात दाखवून उभी होती. यतीन थांबला.

“माका जरा पुढे सोडशात?”

“बसा.”

ती मागे बसली. दोन्ही बाजूंना नुसते माड. वस्ती नाही.

मग मागून, अगदी हळू...

“लिंक इली?”

यतीनने वेग वाढवला. समोर आरसा होता. त्याने पाहिलं नाही.

“बाई... उद्या...”

“लिंक इली?”

तोच आवाज. राग नाही. घाई नाही.

“लिंक...”

गावातले दिवे दिसले. त्याने हात मागे नेला. सीट रिकामी. गार...

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच तो दारात उभा. नंबर चढवला. पाच मिनिटांचं काम. लिंक होती. रोजच असायची. ड्रायव्हरचं लायसन गेलं. टीचर गेल्यावर गेलं.

“मगे ती परत दिसली?” विकीने विचारलं.

“नाय,” दाजी म्हणाले. “यतीनान गाडी विकल्यान. वैभववाडीचो एकजण घेवन गेलो... आठवड्यात परत हाडून दिल्यान. आता ती यतीनाच्या खळ्यात उभी आसा. मेस्त्रीन मागचे शॉकअप बदलल्यान. परत बदलल्यान.”

“मगे?”

“वर कोण नाय... तरी गाडी मागसून दबलेलीच.”