पांढऱ्यानं काय होतंय!

त्या मुलीनं मटणाची फोड पाण्याच्या वाटीत बुडवली, बोटांनी चोळून धुतली आणि मग तोंडात टाकली!

गल्ल्यावर बसलेला कृष्णात ताडकन उभा राहिला. शाहूपुरीतली ही खानावळ त्याच्या आजोबांनी काढलेली. इथं रस्सा संपला म्हणून माणसं हमरीतुमरीवर आली होती. पण तांबडा रस्सा बाजूला सारून मटण धुऊन खाणारं माणूस? आणि तेही कोल्हापुरात, भर दुपारी, चारचौघांच्या देखत? कृष्णातचं डोकंच फिरलं. तो तरातरा तिच्या बाकापाशी गेला.

"ओ मॅडम, काय चाललंय हे? झुरळ-बिरळ घावलं का काय?"

तिनं मान वर केली. चेहरा फिकट, पण डोळे टपोरे आणि चांगलेच मिस्कील... कृष्णात भांडायचंच विसरला.

"झुरळ न्हाय, मीठ घावलं," ती म्हणाली.

"मीठ असणारच की!"

"म्हणून तर धुवायला लागतंय. रागावू नका मालक. तुमच्या रश्श्याच्या वासावरच निम्मं पोट भरलं." मग एसटीची वेळ सांगावी इतक्या सहज ती म्हणाली, "माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिसवर हाय मी."

कृष्णात मटकन समोरच्या बाकावर बसला. त्याच्याच वयाची, पंचविशीतली पोर! ती निशा. वारणानगरला दूध संघात कारकून होती. आठवड्यातून दोनदा वडिलांबरोबर एसटीनं कोल्हापूरच्या दवाखान्यात यायची.

"मग खाता तरी काय?"

"भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी ओतून द्यायचं. उरलेला चोथा आपला. टोमॅटो न्हाय, केळं न्हाय, बटाटा न्हाय. पाणी घोटाघोटानं. आणि..."

तेवढ्यात हात धुऊन आलेल्या तिच्या वडिलांनी, गणपतरावांनी हाक मारली, आणि यादी तिथंच राहिली. जाताना तिनं दारातून वळून पाहिलं. कृष्णात अजून बाकावरच होता, आ वासून.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तिच्यापुढं वेगळं ताट आलं. दोडका दोनदा उकळून पाणी काढलेला, वर लसूण-जिऱ्याची चुरचुरीत फोडणी, मीठ नावालाही नाही. आत चुलीपाशी कृष्णातच्या आईचा, चिमणाबाईंचा आवाज चढला होता. "सगळी चव पाण्यात, आन् त्येच मोरीत वततंय! येडं झालंय पोरगं!"

पोरगं खरंच येडं झालं होतं. निशा यायच्या दिवशी तो सकाळीच दाढी करून गल्ल्यावर बसायचा.

"दोडका असा वाढताय, जणू लग्नातली जिलेबी," एकदा ती म्हणाली.

"तुम्ही खाताय बी तशाच."

"खोटं... तोंड वाकडं होतंय माझं."

"व्हय? मला तर वाकडं तोंडबी झ्याक दिसतंय."

ती लाजली. फिकट गालांवर जरासा रंग चढला, आणि कृष्णातला त्या दिवशी हिशोबात काही लक्षच लागलं नाही.

तिच्या वाढदिवसाला मात्र त्यानं घोळ घातला. असला घोळ कोल्हापूरचाच माणूस घालू जाणे. सर्दी झाली, अशक्तपणा आला, बाळंतीण उठून बसली की इथं पांढरा रस्सा पाजतात. तांबडा तिखट, पांढरा आपला निरुपद्रवी, हे प्रत्येकाच्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं. कृष्णातनं स्वतः नारळाचं दूध काढलं, तीळ-खसखस वाटली, सगळं मटणाच्या पाण्यात घालून मंद आचेवर ठेवलं. मीठ तेवढं टाळलं.

निशा वाटीकडं बराच वेळ बघत राहिली.

"घ्या की! पांढऱ्यानं काय होतंय? तुमच्यासाठी मुद्दाम केलाय."

ती प्यायली... डोळे मिटून, सावकाश.

"आणखी एक वाटी. नको म्हणायचं न्हाय, माझी शपथ हाय!"

ती दुसरीही वाटी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीतला फोन वाजला. पलीकडून गणपतराव बोलत होते. "निशाला दवाखान्यात आणलंय. काल काय खाल्लं तिनं?"

कृष्णात तसाच धावत सुटला. पायांत चपला नाहीत हे त्याला दवाखान्याच्या फरशीवर कळलं.

"नारळ, तीळ, खसखस, वर मटणाचं पाणी?" डॉक्टर कडाडले. "किडन्या नसल्या की पोटॅशियम अंगातच साठतं. ते एवढं चढलं होतं की काळीज बंदच पडलं असतं! ताबडतोब डायलिसिस केलं म्हणून वाचली. कुणी दिलं तिला?"

"मी," कृष्णात म्हणाला.

तो तिच्या कॉटपाशी गेला. "जीव घेतला असता मी तुझा. मला ठाऊकच नव्हतं, निशा..." तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"मला ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"नारळ मला चालत न्हाय, हे."

कृष्णात संतापला. "मग प्यालीस कशाला?"

"तू वाढत होतास म्हणून." तिचे डोळे भरले. "आजारी पडल्यापासून सगळे माझ्या ताटाकडं बघून हळहळतात. आग्रह कुणी करत न्हाय. तू केलास... मला नको म्हणवेना."

कृष्णात ओक्साबोक्शी रडला. पलीकडच्या कॉटवरचे पेशंट बघत होते, बघू देत.

"मला तुझ्यासंगं संसार करायचाय आणि तू दोन वाट्यांसाठी मरायला निघालीस! ह्यापुढं मी कितीबी आग्रह करू दे, तोंडावर नको म्हणायचं. जमंल?"

"जमंल."

"मग आता सांग. लगीन करशील माझ्याशी?"

निशानं सुया टोचलेल्या आपल्या हाताकडं पाहिलं.

"नको."

कृष्णातच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तिचंही बरोबरच होतं म्हणा. जो जीवावर उठला, त्याच्या हाती उरलेलं आयुष्य कोण देईल? "बरं," एवढंच कसंबसं म्हणून तो उठला आणि दाराकडं वळला.

"अय!" मागून आवाज आला. रडवेला, पण हसू दाबलेला. "कोल्हापूरचा ना तू? एकदा नको म्हटलं की ताट उचलतोस व्हय? आग्रह कर की जरा!"